उपचारकाचें माप

आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्रींस गेल्या वर्षीं अर्धांगवायूचा झटका आला. पुढें व्यायामोपचारासाठीं एक तरुण फिजिओथेरपिस्ट बाई घरीं येऊं लागल्या. स्नेह्यांची तक्रार, कीं त्या एकही यंत्र आणीत नाहींत. त्यांच्या धाकट्या बंधूंची, कीं घड्याळ लावून पाहिलें तर पाऊण तासही थांबत नाहींत. बाईंस ठेवावें कीं काढावें, या वादांत आम्हांस पंच नेमण्यांत आलें!

या व्यवसायांतील सचोटी मोजावी कशी, हा प्रश्न जुनाच आहे. लंडन शहरीं मर्दनाच्या नांवाखालीं भलतेच व्यवहार चालतात असा बोभाटा झाला, तेव्हां १८९४ सालीं चार परिचारिकांनीं शिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापिली. नियम मोजकेच: डॉक्टरांच्या सांगण्यावांचून उपचार करूं नये, वैद्यकीय पत्रांखेरीज जाहिरात देऊं नये, रोग्यास औषधें विकूं नयेत. हे नियम पाळले कीं मोडले, हें परक्यासही दिसतें. पुढें २००३ सालीं अमेरिकेंतील फिजिओथेरपिस्टांच्या संघानें ७ मूल्यें ठरविलीं; त्यांत उत्तरदायित्व, परार्थबुद्धि, कळवळा, सचोटी इत्यादि येतात. प्रत्येकाखालीं आचरणाचे नमुने दिले असून ‘कधींच नाहीं’ पासून ‘नेहमीं’ पर्यंत १ ते ५ गुण ज्याचे त्यानेंच स्वतःस द्यावयाचे. आत्मपरीक्षणास ही रीत चांगली. परंतु स्वतःच्या कळवळ्यास २ गुण देणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. भेटलाच, तर आम्ही त्याच्यावर अधिक विश्वास ठेवूं.

असो. आम्ही सूनबाईंस विचारलें. त्यांनीं बाईंची वही पुढें केली. पहिल्या दिवशीं मातोश्रींस खाटेवरून उठविण्यास दोन माणसें लागलीं, पंधराव्या दिवशीं एक. मध्यें एकदां रक्तदाब वाढलेला आढळला, म्हणून व्यायाम थांबवून डॉक्टरांस कळविलें, तेंही नमूद होतें. शेवटच्या पानावर बाईंनींच लिहिलें होतें, कीं सूनबाई आधार द्यावयास शिकल्या आहेत, तेव्हां यापुढें आपण आठवड्यांतून एकदां आलों तरी पुरे.

स्वतःचीच फी कमी करणारें हें कलम वाचून आमचे स्नेही गप्प झाले. धाकटे बंधू मात्र यंत्राचा विषय पुनः काढूं लागले, इतक्यांत आंतून मातोश्रींचा आवाज आला, “अरे, त्या पोरीला नाहीं म्हणूं नका. काल देवघरापर्यंत मी एकटी गेलें.”