पांढरीच्या पोटांत : भोगवर्धन

गांवच्या जमिनीचे दोन भाग आपल्याकडे पूर्वापार मानलेले आहेत : काळी आणि पांढरी. काळींत पीक येतें, पांढरींत माणसें राहतात. शतकानुशतकें घरें पडतात, त्यांवर पुन्हां घरें उठतात. चुलींची राख व भिंतींची माती सांचत जाऊन पांढरीचें टेकाड बनतें. मराठवाड्यांतील माळवदांवर घालावयास ही माती उत्तम. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती खणून नेली गेली. तिच्याबरोबर काय काय गेलें असेल, याची कल्पना यावी म्हणून या महिन्यांत वाचकांस जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें नेतों.

भोकरदन हें केळणा नदीकांठचें तालुक्याचें गांव. लोककथा त्याचा संबंध भौमासुराशीं जोडते. कथा रम्य आहे, परंतु जुन्या लेखांची साक्ष निराळी. मार्कंडेयपुराणांत दक्षिणापथांतील जनांच्या यादींत विदर्भ, अश्मक यांबरोबर भोगवर्धनांचें नांव येतें. आणि सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत ‘भोगवढन’ येथील दाते आढळतात. भोगवर्धन म्हणजेच भोकरदन. पैठणहून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरील या गांवचे लोक दोन हजार वर्षांपूर्वीं सांचीपर्यंत जाऊन दगडावर आपल्या गांवाचें नांव कोरवून आले, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

सन १९७३ मध्यें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं येथें उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव व डॉ. र. शं. गुप्ते हे त्याचे प्रमुख. सातवाहनकालीन थरांत नाणीं, नाना जातींचे मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ति अशा वस्तु निघाल्या. पण विद्वानांस खरें चकित केलें तें हस्तिदंताच्या एका तुकड्यानें. एका स्त्रीमूर्तीचा तो केवळ खालचा भाग. बाजूंस दोन लहान परिचारिका.

चकित होण्याचें कारण इटलींत होतें. व्हेसूव्हियसच्या राखेखालीं इ. स. ७९ मध्यें गडप झालेल्या पाँपे नगरांत १९३८ सालीं एक भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली होती. सुमारें वीतभर उंचीची ही स्त्री कोपरापर्यंत कांकणें व पायांत जड तोडे ल्यालेली असून तिच्या दोहों बाजूंस प्रसाधनाचीं भांडीं घेतलेल्या दासी आहेत. मस्तकांतून खालीं भोंक पाडलेलें आहे. म्हणजे ती देव्हाऱ्यांतील देवता नसून एखाद्या शोभिवंत वस्तूचा भाग असावी. प्रथम तिला लक्ष्मी म्हटलें गेलें. पुढें पुष्कळ जण तिला यक्षी म्हणूं लागले. हल्लीं ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे.

भोकरदनचा तुकडा तिच्याशीं इतका जुळतो कीं ती मूर्ति दक्षिणेंतच घडली असें मत पुढें आलें. आम्हांस हें मत ओढ लावणारें वाटतें, तरी सावध राहणें बरें. पाँपेच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपि वायव्येकडची. शिवाय सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनीं कोरीव काम केल्याचा लेख आहे. तेव्हां ही कला एकाच गांवची मिरास नव्हती. कारागीर हिंडत, माल त्यांच्याहूनही दूर जाई. पैठण व तगर येथून गाड्यांनीं माल भडोच बंदरीं उतरे, हें ‘पेरिप्लस’कार ग्रीक व्यापाऱ्यानें लिहून ठेवलेंच आहे.

तें तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर. त्याच घाटाची एक हस्तिदंती स्त्री तेथेंही मिळाली आणि ती भोकरदनच्या तुकड्याहून पुष्कळच धड आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनीं पदरमोड करून अशा असंख्य वस्तु जमविल्या. त्यांच्या नांवाचें संग्रहालय आज तेथें आहे. त्यांनीं हें केलें नसतें तर ती मूर्ति कोणाच्या हातीं लागून कोठें गेली असती कोण जाणे! परंतु भोकरदनचा मोडका तुकडा कोणत्या थरांत, कोणत्या नाण्यांच्या व खापरांच्या संगतींत पडला होता, हें लिहिलेलें आहे. तेरच्या सुंदरीचा काळ मात्र तिच्या चेहऱ्यावरून व दागिन्यांवरूनच ठरवावा लागतो.