पुठ्ठ्याचा तुकडा आणि मालकीचा प्रश्न

ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पमधील एखाद्या घरात मुलांचे व्हिडिओ गेमचे यंत्र बिघडले, की ते बहुधा घरातच उघडले जाते. जुन्या यंत्राची कॅसेट लागेनाशी झाली, तर तिच्या धातूच्या पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासायच्या. नव्या यंत्राच्या कांडीला हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू एकीकडे धावू लागला, तर कव्हर उघडून आतला सैल पडलेला भाग दाबून धरील असा पातळ पुठ्ठ्याचा तुकडा बसवायचा. पंख्यात धूळ साचली, तर दात घासण्याचा जुना ब्रश आहेच. खर्च जवळजवळ शून्य.

आमच्यातील काही साथी विचारतील : महागाई, बेकारी, झोपड्यांवर चालणारे बुलडोझर हे प्रश्न सोडून पक्षाच्या साप्ताहिकाने खेळण्यावर शाई का खर्चावी? उत्तर सरळ आहे. खेळणे क्षुल्लक असेल. त्यात दडलेला मालकीचा प्रश्न क्षुल्लक नाही. घामाचे पैसे मोजून आणलेली वस्तू उघडण्याचा अधिकार जर घेणाऱ्याला नसेल, तर त्याने ती विकत घेतलेली नाही, भाड्याने घेतली आहे. आज जे खेळण्याला लागू, ते उद्या शिलाईयंत्राला, रिक्षाला आणि शेतावरच्या पंपालाही लागू होईल.

हा अधिकार हिरावण्याची हत्यारे साधी आहेत. साध्या स्क्रूड्रायव्हरने न फिरणारा तीन पात्यांचा स्क्रू हे एक. ‘हे काढल्यास हमी रद्द’ अशी चिकटपट्टी हे दुसरे. २०१८ साली खुद्द अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा धमकीबद्दल सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांच्यासह सहा कंपन्यांना ताकीद दिली. भांडवलशाहीच्या माहेरघरीही ही दांडगाई कायद्यात बसली नाही!

कंपन्यांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा. विजेचा धोका खरा आहे, तो कोणी नाकारू नये. परंतु २००७ साली काय घडले? मायक्रोसॉफ्टची यंत्रे इतकी बंद पडू लागली, की कंपनीला हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. हैराण झालेल्या काहींनी यंत्र टॉवेलात गुंडाळून तापवण्याचा घातक उपाय केला. ज्ञान दडवले, की धोका टळत नाही, वाढतो. सुरक्षिततेची खरी काळजी असेल, तर आतील जोडणीचे नकाशे छापा, सुटे भाग विका.

हा धडा ट्रॉम्बेने देशाला पूर्वीच दिला आहे. ब्रिटनचे इंधन घेऊन, परंतु आपल्या अभियंत्यांच्या हातांनी, ‘अप्सरा’ अणुभट्टी येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. १९७४ च्या अणुचाचणीनंतर कॅनडाने सहकार्य तोडले, तेव्हा राजस्थानच्या अणुवीजकेंद्राचा दुसरा संच आपल्याच लोकांनी पुरा केला. पुरवठादाराने हात आखडला म्हणून राष्ट्राने यंत्र भंगारात टाकले नाही, आणि त्याचा आपण अभिमान बाळगतो. मग कुंपणाबाहेरच्या पोराने तेच केले, तर तो ‘अनधिकृत’ कसा? याच अणुकेंद्राला जागा हवी म्हणून आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, जनता कॉलनी उठवली गेली आणि तेथील हजारो माणसे चिता कॅम्पच्या दलदलीवर आणून टाकली गेली. त्या दलदलीवर ज्यांनी स्वतःच्या हातांनी घरे उभी केली, त्यांना दुरुस्तीची पात्रता कंपनीने शिकवू नये.

सरकार काय करते? जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरमध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ नावाचे संकेतस्थळ उघडले. २०२५ साली दुसऱ्या एका समितीने दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाची शिफारस केली : आरंभ मोबाईल आणि टॅब्लेटपासून, आणि गुण कंपनीनेच जाहीर करायचे! परीक्षार्थीच परीक्षक. परदेशाकडेही आशेने पाहू नका. कॅलिफोर्नियाचा दुरुस्तीहक्काचा कायदा १ जुलै २०२४ पासून अमलात आला, पण त्यातून नेमकी व्हिडिओ गेमची यंत्रे वगळली आहेत. जेथे मक्तेदारांचा दबाव, तेथे कायद्याला भोक!

म्हणून मागणी स्पष्ट असावी. विनंतीवर चालणारे संकेतस्थळ नको, संसदेचा बंधनकारक कायदा हवा. सुटे भाग आणि नकाशे गल्लीतल्या कारागिराला वाजवी दरात मिळावेत, घरी यंत्र उघडले म्हणून हमी नाकारता येऊ नये, आणि त्यातून एकही यंत्र वगळू नये. नाहीतर पुठ्ठ्याच्या तुकड्याने वाचू शकणारे यंत्र देवनार-गोवंडीच्या भंगारात जाईल. तेथे त्याची विषारी धूळ पुन्हा श्रमिकाच्याच छातीत उतरेल, आणि नव्या यंत्राचा नफा मात्र समुद्रापार जाईल.

साथींनो, वस्त्यांत सभा घ्याल तेव्हा कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यालाही बोलवा. तो आपल्याच लढ्यातला कामगार आहे.