पेशींना हवे घर



काही दिवसांपूर्वी एक जोडपे आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. तीन वर्षांपासून ती दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेते. वडिलांच्या हातात एक रंगीत पत्रक होते. मूलपेशी टोचल्या की इन्सुलिन कायमचे सुटते, असा त्यातील दावा होता. त्या खर्चासाठी गावाकडची जमीन विकण्याची त्यांची तयारी होती. मुलीने मात्र एकच प्रश्न विचारला, “डॉक्टरकाका, माझी सुई कधी बंद होणार?”

तिला जे सांगितले, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींनाच शत्रू समजून नष्ट करते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचले गेले आणि तोवर जीवघेणा असलेला हा आजार आटोक्यात येऊ लागला. तरीही क्षणोक्षणी रक्तातील साखर जोखून नेमके तेवढेच इन्सुलिन सोडणे, हे जिवंत पेशीचे कौशल्य सुईला साधत नाही. मग नव्या पेशीच का बसवू नयेत? २००० साली कॅनडातील एडमंटन येथील डॉक्टरांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातील पेशीपुंज सात रुग्णांना दिले आणि सातही जणांचे इन्सुलिन सुटले. परंतु या पेशी टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. त्यांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. पुढे काही वर्षांत बहुतेकांना पुन्हा इन्सुलिन सुरू करावे लागले. वाढत्या वयाच्या मुलासाठी हा सौदा महागाचा आहे.

म्हणून शास्त्रज्ञांनी पेशींसाठी घर बांधण्याचा विचार केला. शिजवलेला साबुदाणा डोळ्यांसमोर आणा: पारदर्शक, मऊ, पाण्याने भरलेला. समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेट या पदार्थाचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडले, की तसेच मणी तयार होतात. अशा पाणीदार जाळीला हायड्रोजेल म्हणतात. मण्यात पेशी कोंडल्या, तर साखर आणि प्राणवायू आत जातात, इन्सुलिन बाहेर येते. मात्र हल्लेखोर पांढऱ्या पेशींना आत शिरता येत नाही. १९८० साली फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी अशा मण्यांतील पेशी मधुमेही उंदरांना दिल्या, तेव्हा दोन-तीन आठवडे त्यांची साखर ताळ्यावर राहिली.

मग अडले कुठे? शरीर परक्या वस्तूभोवती चिवट तंतुमय वेष्टण विणते. त्यात पेशी गुदमरतात. पोटात सोडलेले हजारो मणी पुन्हा वेचून काढता येत नाहीत. शिवाय मूलपेशींपासून घडवलेल्या पेशी वापरायच्या, तर त्यांतील एखादी गाठ बनण्याची भीती असते. म्हणून त्या निसटता कामा नयेत आणि गरज पडल्यास सगळ्या परत काढता आल्या पाहिजेत.

येथे नॅनोतंतू कामी येतात. चक्का बांधताना आपण मलमलीचे फडके घेतो. पाणी निथळते, चक्का आत राहतो. विजेच्या उच्च दाबाने ओढलेले हे तंतू केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक असू शकतात. त्यांच्या विणीतून रेणू जातात, पेशी जात नाहीत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा तंतूंची नळी करून तिच्या आत अल्जिनेटमधील पेशी ठेवल्या. मधुमेही उंदरांत हे उपकरण २०० दिवसांपर्यंत चालले. नळी शरीरातून अखंड काढता येते, हे कुत्र्यांत पडताळले गेले.

माणसांत मात्र हे घर अजून उभे राहिलेले नाही. व्हर्टेक्स या अमेरिकी कंपनीने मूलपेशींपासून घडवलेल्या इन्सुलिन-पेशी बारा रुग्णांना पूर्ण मात्रेत दिल्या, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर दहा जण इन्सुलिनमुक्त होते. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागली. त्याच वर्षी त्याच कंपनीने तशा पेशी बंदिस्त उपकरणात बसवण्याची चाचणी थांबवली, कारण पुरेसे इन्सुलिन तयार झाले नाही. थोडक्यात, पेशी मिळाल्या आहेत. त्यांना जगवील असे घर मिळायचे आहे.

त्या पत्रकात यांपैकी काहीच नव्हते. रुग्णाच्याच चरबीतील पेशी काढून शिरेतून सोडायच्या, एवढाच तो उपचार. त्या बीटा पेशी नव्हेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेहासाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. खऱ्या चाचणीची सरकारी नोंदणी असते आणि त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेतले जात नाहीत. कोणी असा उपचार सुचवला, तर नोंदणी क्रमांक मागा आणि पैसे कशाचे, हे विचारा.

आणि कोणाच्याही शब्दावर इन्सुलिन थांबवू नका. या मुलांत ते बंद झाले, तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येऊ शकतो. वारंवार उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला फळांसारखा वास, ग्लानी यांपैकी काही दिसताच रुग्णालय गाठा.

मुलीला मी म्हणालो, “बाळ, सुई आज बंद होणार नाही. कधी होईल, ते मला सांगता येत नाही. पण ते घर तयार होईल तेव्हा तुझे डोळे आणि मूत्रपिंडे ठणठणीत हवीत. तेवढे काम आपल्याकडे.” तिने मान डोलावली. गेल्या आठवड्यात ती तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अहवाल घेऊन आली. तो आधीपेक्षा बरा होता. जमीन विकलेली नाही, असे वडिलांनी निघताना सांगितले.