स्काउटला जे दिसले नाही



हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली आली आणि १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. गोष्ट आहे १९३०च्या दशकातल्या अलाबामा राज्यातल्या एका लहान गावाची. तिथे गोऱ्यांचे चर्च वेगळे, काळ्यांचे वेगळे. कोर्टातसुद्धा काळ्यांनी वरच्या सज्जात बसायचे. गोष्ट सांगते स्काउट, एका गोऱ्या वकिलाची लेक. सुरुवातीला ती पुरती सहा वर्षांचीही नाही.

मूल सांगते म्हणून गोष्टीत कोडी राहतात. शेजारच्या बंद घरातला बू रॅडली बाहेर का येत नाही? झाडाच्या ढोलीत साबणाच्या बाहुल्या कोण ठेवतो? आणि शेवटी अंधाऱ्या वाटेवर मुलांवर धावून आलेला बॉब ईवेल सुरी लागून मेला, तो कोणाच्या हातून? त्या रात्री स्काउटच्या अंगावर शाळेच्या कार्यक्रमातले तारेच्या जाळीचे सोंग होते. तिला धड काही दिसलेच नाही. शेरीफ म्हणतो, ईवेल आपल्याच सुरीवर पडला. वाचकाला काय ते उमगते, पण लेखिका तो वार दाखवत नाही. बिचारा बू चार माणसांत येणारा नाही, त्याला चव्हाट्यावर कशाला आणायचे, असा शेरीफचा विचार. वाचणाऱ्यालाही तो पटतो.

आता टॉम रॉबिन्सनकडे पाहा. हा काळा मजूर. ईवेलच्या मुलीवर बलात्कार केल्याचा त्याच्यावर आळ. मुलीला मार बसला तो चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात तर लहानपणीच जिनिंगच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. डावखुरा निघतो तो मुलीचा बाप. एवढे कोर्टात सर्वांसमोर उघडे पडले, तरी गोऱ्या पंचांनी टॉमलाच दोषी ठरवले. म्हणजे इथे कोडे नव्हतेच. उत्तर समोर होते, ते नको होते.

पुढे टॉम तुरुंगाच्या कुंपणावरून पळू पाहताना मारला जातो. अंगात सतरा गोळ्या. हे स्काउटला कळते ते वडिलांच्या तोंडून. टॉमची बायको हेलन बातमी कळताच कोसळली, हेही तिला दुसऱ्याकडून कळते. शेवटी स्काउट बूच्या ओसरीवर उभी राहून त्याच्या नजरेने गल्ली पाहते. टॉमच्या ओसरीवर ती कधी अशी उभी राहत नाही. काळ्या माणसांना या पुस्तकात स्वतःचे बोलणे फार थोडे आहे, अशी टीका झाली आहे, आणि ती मला रास्त वाटते. तरी पोरीला जे दिसले तेवढेच लेखिकेने सांगितले, हा प्रामाणिकपणाही मानावा लागेल.

पुस्तक मिळाले तर चोविसावे प्रकरण सावकाश वाचा. घरात गोऱ्या बायांचे चहापान चाललेले असते. दूर आफ्रिकेतल्या एका जमातीच्या दैन्याबद्दल त्यांना कळवळा, आणि आपल्याच घरी राबणाऱ्या काळ्या बाया तोंड पाडून वावरतात म्हणून कुरकुर. तेवढ्यात वडील येतात आणि स्वयंपाकघरात टॉमच्या मृत्यूची बातमी सांगतात. घरची स्वयंपाकीण कॅलपर्निया, तीही काळी, त्यांच्याबरोबर हेलनकडे निघते. पळणाऱ्या थोट्या माणसाला सतरा गोळ्या कशाला, याची चौकशी पुढे होत नाही. स्काउट पुन्हा बाहेरच्या खोलीत जाते, बिस्किटांची थाळी उचलते आणि पाहुण्यांना वाढू लागते.