‘अगा’ला सांभाळणाऱ्यांना विचारायचंय...



समजा, तुम्हाला कुणी सांगितलं की जगातल्या कुठल्याही माणसाशी तासभर गप्पा मारा, तर कुणाचं नाव घ्याल? सचिनचं? एखाद्या अंतराळवीराचं? माझ्या यादीत या खेपेला जरा वेगळीच मंडळी आहेत. बुलडॉग सांभाळण्यात ज्यांचं अख्खं आयुष्य गेलं, अशी!

बुलडॉग तुम्ही चित्रात तरी पाहिला असेलच. चपटं नाक, गालांच्या लोंबत्या पिशव्या आणि चेहरा असा, की कुणीतरी याच्या वाटणीचा लाडू खाल्लाय.

यादीतलं पहिलं नाव आहे सनी सायलर. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावचे हे नामांकित वकील. १९५६ साली त्यांचं नवीनच लग्न झालं होतं, ते कायद्याचं शिकत होते आणि लग्नाची भेट म्हणून त्यांना बुलडॉगचं एक पांढरंशुभ्र पिल्लू मिळालं होतं. त्यांच्या जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं टोपणनावच मुळी ‘बुलडॉग्ज’. (हा त्यांचा अमेरिकन फुटबॉल बरं का, लांबट चेंडू हातात धरून पळायचा!) सिसिलिया सायलर यांनी लहान मुलाचा लाल बनियन कापून-शिवून पिल्लाला अंगरखा केला आणि स्वारी सामन्याला निघाली. लोक खूश! संघाच्या प्रशिक्षकांनी विचारलं, “हा आमचा शुभंकर म्हणून द्याल का?” झालं, तेव्हापासून आजपर्यंत त्या घराण्यातले एकामागून एक अकरा कुत्रे हे काम करत आलेत.

त्यांचं नाव विद्यापीठाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवलंय आणि त्याचा उच्चार होतो चक्क ‘अगा’. म्हणजे आपण मराठीत कुणाला हाक मारावी तसा! पहिला अगा, दुसरा अगा, तिसरा अगा... राजेमहाराजांसारखे आकडे. मेलेल्या अगांना स्टेडियमच्या आवारातच पुरलंय. चौथा अगा १९८२ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बक्षीस समारंभाला पांढरी कॉलर आणि काळा बो लावून गेला होता. पाचव्याचा फोटो १९९७ मध्ये एका नावाजलेल्या क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. शिवाय त्याच वर्षी तो सिनेमात दिसला, तेही आपल्या वडिलांच्या भूमिकेत! गंमत पुढेच आहे. तो सिनेमा ज्या खटल्यावर होता, त्यात आरोपीचे खरे वकील होते सायलर, आणि सिनेमात मात्र त्यांनी न्यायाधीशाचं काम केलं.

सायलरआजोबा २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी गेले. त्यांना विचारायचं राहूनच गेलं. पण त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनीही वर्षानुवर्षं या कुत्र्यांची दोरी हातात धरलीय. त्यांच्याशी बोलायला मिळालं, तर मी सुरुवात बैलापासून करीन.

बुलडॉग म्हणजे बैलाचा कुत्रा. इंग्लंडमध्ये पूर्वी बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचा क्रूर खेळ चालायचा. १८३५ च्या कायद्यानं तो बंद झाला. त्याच बुलडॉगच्या वंशातला दहावा अगा १ जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिन्सच्या मैदानात उभा होता. समोर टेक्सास विद्यापीठाचा शुभंकर, ‘बीव्हो’ नावाचा लांबच लांब शिंगांचा भलाथोरला बैल. सामन्याआधी बैल एकाएकी उसळला, कठडा मोडून थेट अगाच्या दिशेनं आला! अगाला वेळेवर बाजूला ओढलं, म्हणून निभावलं. त्या क्षणी दोरी धरलेल्या हाताला काय वाटलं असेल?

दुसरा प्रश्न मात्र मला जरा घाबरतच विचारावा लागेल.

जॉर्जियात सप्टेंबरात चांगलंच उकडतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो येतो फक्त पंजांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायची, तर धापा टाकायच्या. जीभ, तोंड आणि नाकातला ओलावा वाऱ्यानं उडतो आणि रक्त गार होतं. माठातलं पाणी गार होतं ना, तसंच. आता बुलडॉगचं पाहा. नाक आखूड, नाकपुड्या अरुंद, टाळूचं मागचं मऊ मांस घशात आलेलं. हवा आत जायलाच वाट नाही! मग अगासाठी मैदानात वातानुकूलित घर ठेवतात आणि बसायला बर्फाच्या पिशव्या. २०२३ च्या जानेवारीत संघ अंतिम सामन्याला दूर लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा इतका प्रवास नको म्हणून म्हाताऱ्या अगाला घरीच ठेवलं. मला तर हा निर्णय बैलाच्या प्रसंगाहूनही मोठा वाटतो.

हे चपटं नाक काही आपोआप आलेलं नाही. बैलाशी झुंजी बंद झाल्या आणि बुलडॉग प्रदर्शनात उभा राहिला. ज्याचं तोंड जास्त चपटं त्याची वाहवा, मग त्याचीच पिल्लं, असं पिढ्यान्पिढ्या चाललं. डोकं इतकं मोठं झालं की ब्रिटनमधल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बुलडॉगच्या १०० पैकी ८० हून जास्त बाळंतपणं पोट फाडून करावी लागलेली दिसली. सातवा अगा तर चार वर्षांचा असतानाच हृदयविकारानं गेला. म्हणून चार्ल्सकाकांना विचारायचंय, “इतकं जिवापाड प्रेम करता, मग पुढच्या अगाचं नाक थोडं लांब असलं तर चालेल का तुम्हाला? आणि तुमच्या स्टेडियममधल्या हजारो लोकांना?”

यावर काहीतरी करून दाखवणारा माणूसही माझ्या यादीत आहे, पेनसिल्व्हेनियाचे डेव्हिड लेविट. १९७१ साली त्यांनी ठरवलं की जुन्या चित्रांत दिसतो तसा, धडधाकट, पळू शकणारा बुलडॉग पुन्हा घडवायचा. निम्मा बुलडॉग आणि उरलेल्या निम्म्यात आणखी तीन जाती, असा मेळ त्यांनी घातला. पद्धत कुठून घेतली म्हणाल, तर गुराढोरांची पैदास सुधारण्यासाठी एका प्राध्यापकांनी बसवलेल्या योजनेतून! त्यांना मी विचारीन, “पहिली पिल्लं नीट श्वास घेतात हे कळलं, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलंत की गुपचूप बसून नुसतं ऐकलंत?”

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण २००३ साली मोबाइलच्या एका जाहिरातीत मुलामागं धावणारा पग आला आणि आपल्याकडेही घरोघर पगचा हट्ट सुरू झाला. आईबाबांना विचारा, त्यांना आठवत असेल. पगचं नाकही बुलडॉगसारखंच चपटं आणि आपला उन्हाळा तर जॉर्जियालाही मागे टाकील. तुमच्या इमारतीत असा कुणी चपटनाक्या असेल, तर एप्रिल-मेमध्ये त्याला भर दुपारी फिरायला नेऊ नका. घोरल्यासारखा आवाज करत तो धापा टाकायला लागला, जीभ जांभळट दिसली, तर लगेच सावलीत घ्या, अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि मोठ्यांना सांगून ताबडतोब जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. ‘तो घोरतो म्हणजे किती गोड!’ असं काही मोठी माणसंही म्हणतात. त्यांना हे पान वाचायला द्या.

अकराव्या अगाचं घरातलं नाव आहे ‘बूम’. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच्या गळ्यात मानाचा पट्टा पडला. त्याच्या माणसांना तुम्ही काय विचाराल? एकच प्रश्न, चार ओळींत. नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. निवडक प्रश्न याच पानावर छापू.