कड्यावरून कोसळलेला कादंबरीकार

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहिला, की त्याच्या बुरुजावर एक चिमुकली तोफ हवीच, असा मुलांचा हट्ट असतो. गड, तोफा आणि शिलेदार यांचे हे वेड मराठी घरांत ज्यांनी रुजविले, त्यांपैकी एकाचा तोफांशी असलेला संबंध केवळ कागदावरचा नव्हता.

द्वारकानाथ माधवराव पितळे हे त्यांचे नाव. वाचकांना ते ‘नाथमाधव’ म्हणून ठाऊक. जन्म १८८२ चा. कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात ते नोकरीस होते. हा कुलाबा मुंबईच्या दक्षिण टोकाचा. कर्जत-खालापूरकरांनी तो आपला समजू नये! आमच्या जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होते, म्हणून हा खुलासा.

गृहस्थांना शिकारीचा भारी नाद. त्याच नादात १९०५ साली सिंहगडाच्या कड्यावरून ते कोसळले. वय अवघे तेवीस. जीव वाचला, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. नोकरी गेली, बंदूक गेली. राहिले काय, तर दोन हात आणि पुढ्यात पडलेला उभा जन्म.

अंथरुणाला खिळलेल्या या माणसाने आधी पुस्तक हाती धरले, मग लेखणी. १९०८ मध्ये ‘प्रेमवेडा’ आली, लगोलग ‘सावळ्या तांडेल’. १९१३ मध्ये अद्भुतरम्य ‘वीरधवल’. पुढे ‘डॉक्टर’सारखी सामाजिक कादंबरी आणि शिवकालावरची ‘स्वराज्य’माला. १९२८ मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ज्याला स्वतःला पाऊल टाकता येत नव्हते, त्याने वीस वर्षे अवघ्या महाराष्ट्राला घोड्यावर बसवून दऱ्याखोऱ्यांतून हिंडविले!

आम्ही मास्तर मंडळी वर्गात हरिभाऊ आपट्यांना पहिला पाट देतो, नाथमाधवांना पंगतीच्या शेवटी बसवितो. योगायोगांची रेलचेल, रहस्यांची गुंतागुंत हे आक्षेप खोटे नव्हेत. पण वाचनाची गोडी लावणे हे काय लहान काम आहे? ती लागली, म्हणजे वाचक आपोआप खऱ्या इतिहासाकडे वळतो.

खालापूर तालुक्यातलीच उंबरखिंड घ्या. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाची फौज तेथे अडविली. तोड्याची बंदूक भरायची म्हणजे दारू ठासा, गोळी घाला, पेटती वात सांभाळा. दाट झाडीत, वरून मारा होत असता, एवढी सवड कोण देतो? खान शरण आला आणि सामानसुमान टाकून परतला. हत्याराला जागा आणि वेळ लागते; ती शत्रूला द्यायची नाही, हेच त्या दिवशीचे शहाणपण. शेजारचे चौक हे नेताजी पालकरांचे गाव म्हणून सांगतात. आणि कर्जतकडे कोथळीगडाच्या पायथ्याच्या पेठ गावात जुनी तोफ आजही पाहावयास मिळते.

आपल्या प्रत्येकाच्या आळीत घराबाहेर न पडू शकणारे कोणीतरी असतेच. त्यांच्याकडे फराळाचे ताट पाठविण्याची आपली रीत चांगली आहे. यंदा त्या ताटाबरोबर ग्रंथालयातून एक ‘वीरधवल’ही न्या, आणि घटकाभर बसून मोठ्याने वाचून दाखवा. अंथरुणावर लिहिलेली कादंबरी अंथरुणावरच्या माणसाला नेमकी कळेल. कोणी सांगावे, उद्या तो तुमच्याकडे कागद-पेन्सिलही मागेल!