भरपाई मिळेल, श्वासाचे काय?

गिरणी आणि जिनिंगच्या बडनेऱ्याला कापसाची धूळ नवी नाही. तिने जडणाऱ्या बिसिनोसिसला भरपाईच्या कायद्याच्या अनुसूचीत स्थान आहे. परंतु भरपाईने दमछाक थांबत नाही. जुनाट विकाराने निकामी झालेले फुप्फुस औषधानेही पूर्ववत होत नाही. मात्र सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा देखरेखीखाली व्यायाम, श्वसनाचे शिक्षण आणि आहाराचा सल्ला मिळाल्यास अशा रुग्णाची धाप कमी होते, चालण्याची ताकद वाढते. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. सहा मिनिटांची चाल मोजण्यास तीस मीटरची पडवी, चार खुर्च्या आणि प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ पुरे. ज्याला जिना चढवत नाही, त्याला आठवड्यातून दोनदा नागपूर गाठावयास सांगणे ही क्रूर थट्टा होय. हा उपचार गावच्या सरकारी दवाखान्यातच मिळावयास हवा.